एकटेपणा कॅनव्हासवर कुठे बसतो?

गेल्या काही आठवड्यांत आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवतीची होती: मनातला एकटेपणा आणि नैराश्य माणसाची आकृती रंगवून कसे मांडावे. त्यांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या प्रश्नांची मुळेही त्यातच सापडतात.

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून नोकरी सांभाळून तैलरंगात चित्रे काढते. दोन वर्षांपूर्वी मी नैराश्यातून गेले. आता बरीच सावरले आहे. तो काळ चित्रात मांडावा असे मनापासून वाटते. सोबत एका चित्राचे छायाचित्र पाठवत आहे. काळ्या पार्श्वभूमीवर गुडघ्यांना मिठी मारून रडत बसलेली स्त्री मी रंगवली आहे. पाहणारे ‘छान आहे’ म्हणतात, पण मला स्वतःलाच ते चित्र खोटे वाटते. नेमके काय चुकते आहे, हे आपण सांगू शकाल का?

उत्तर : तुमचे चित्र मी दोन-तीन दिवस टेबलावर समोर ठेवले होते. ते तुम्हाला खोटे वाटते, याचा अर्थ तुमची नजर शाबूत आहे. ती अस्वस्थता जपून ठेवा. काळोख, गुडघ्यांना घातलेली मिठी आणि गालावरून ओघळणारा अश्रू ही दुःखाची ठरून गेलेली चिन्हे आहेत. पाहणाऱ्याला त्यांत ‘दुःख’ हा शब्द लगेच वाचता येतो, आणि शब्द वाचून झाला की तो पुढच्या चित्राकडे वळतो. या चिन्हांत तुम्ही कुठेच नाही. त्या दिवसांत तुम्ही खरोखर अशा बसत होता का, हे एकदा आठवून पाहा. त्यातून गेलेल्या अनेकांनी मला वेगळेच सांगितले आहे: रडू फारसे येतच नव्हते, फोन वाजत असताना त्याच्याकडे नुसते पाहणे व्हायचे, विंचरायला घेतलेला कंगवा तासभर हातातच राहायचा. नैराश्यात मनाला आणि शरीराला एक जडता येते, आणि जडता रंगवायची तर चेहऱ्यापेक्षा शरीराचा भार अधिक बोलतो.

याचा पुरावा तुमच्याच चित्रात आहे. खालच्या डाव्या कोपऱ्यात, फारसे लक्ष न देता तुम्ही पावले रंगवली आहेत. डाव्या पायाचा अंगठा उजव्या पायाच्या बोटांवर चढवून इतका घट्ट दाबून धरलेला आहे, की त्या बोटांच्या टोकांचा रंग उडाला आहे. हे तुम्ही दुसऱ्या कुणाच्या चित्रात पाहून काढलेले नाही. ते तुमच्या शरीराला ठाऊक होते. पूर्ण चित्रात तेवढा चार बोटांचा भाग खरा उतरला आहे, आणि पुढचे चित्र तिथूनच सुरू करावे असे मी सुचवेन.

अल्ब्रेख्ट ड्यूररने १५१४ मध्ये कोरलेल्या ‘मेलेन्कोलिया’ या मुद्राचित्रातली पंख असलेली आकृती रडत नाही. ती गालाला मूठ टेकवून बसली आहे, मांडीवर कर्कटक आहे, आणि आजूबाजूला रंधा, करवत, खिळे अशी हत्यारे पडलेली आहेत. सगळे काही येणारे हात आहेत, पण ते थांबले आहेत. पाचशे वर्षांनंतरही ते चित्र जुने वाटत नाही, याचे कारण मला त्या न वापरलेल्या हत्यारांत दिसते.

व्हॅन गॉगच्या ‘ॲट इटर्निटीज गेट’ या चित्राकडे मी वाचकांना पुन्हा पुन्हा पाठवते. विस्तवाजवळ लाकडी खुर्चीवर निळ्या कपड्यांतला एक वृद्ध बसला आहे. तो पुढे वाकला आहे, कोपरे मांड्यांवर रोवली आहेत आणि दोन्ही मुठी डोळ्यांवर दाबल्या आहेत, त्यामुळे चेहरा जवळजवळ दिसतच नाही. ज्या चित्रात भावनेची एवढी तीव्रता आहे, त्यात चेहराच झाकलेला आहे, याचा थोडा विचार करा. हे तैलचित्र १८९० च्या मे महिन्यात, सँ रेमीच्या मनोरुग्णालयात रंगवले गेले. परंतु ती बैठक त्याने १८८२ मध्येच, हेग शहरात असताना, एका वृद्ध माणसाला समोर बसवून रेखाटली होती आणि तिचे शिलामुद्रणही केले होते. म्हणजे पाठीचा तो बाक आणि मुठींचा तो दाब आठ वर्षे आधी डोळ्यांनी शिकून घेतलेला होता, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा तो हाताशी होता. भावना कितीही खरी असली तरी तिला उभे राहायला निरीक्षण लागते. म्हणून आरशासमोर किंवा घरातल्या एखाद्या माणसाला बसवून नुसत्या बैठका रेखाटा. मांडीवर ठेवलेला हात आणि मांडीवर पडलेला हात यांत फरक कुठे आहे, थकलेल्या मानेचा भार खांदा कसा झेलतो, टाच जमिनीला टेकली आहे की उचललेली आहे, एवढेच पाहा. अशी पंधरा-वीस रेखाटने होईपर्यंत रंगांना हात लावू नका.

आकृती जमली की ती कुठे बसवायची हा प्रश्न येतो, आणि माझ्या मते एकटेपणाचा निर्णय इथेच होतो. एडवर्ड मुंकच्या ‘मेलेंकली’ या १८९१ च्या चित्रात किनाऱ्यावरचा माणूस अगदी पुढे, उजव्या कोपऱ्यात दाबून बसवलेला आहे. डोके हातावर टेकलेले आहे. दूर धक्क्यावर बोटभर उंचीची दोन-तीन माणसे होडीकडे निघाली आहेत, आणि त्याच्यापासून त्यांच्यापर्यंत किनाऱ्याची लांबलचक वळणदार रेषा गेली आहे. त्या माणसाला काय झाले आहे हे ती रेषाच सांगते. तोच माणूस कॅनव्हासच्या मध्यभागी आणला असता तर तो फक्त विचारात पडलेला माणूस दिसला असता.

एडवर्ड हॉपरचे १९२७ मधले ‘ऑटोमॅट’ याहूनही शांत आहे. रात्रीच्या उपाहारगृहात एक स्त्री गोल टेबलापाशी कॉफीचा पेला धरून बसली आहे. अंगात कोट, डोक्यावर टोपी. एका हातातला हातमोजा तिने काढला आहे आणि दुसऱ्या हातातला तसाच आहे. ती आत्ताच आली आहे की निघण्याच्या बेतात आहे, हे त्या एका हातमोज्यामुळे ठरवता येत नाही. समोर रिकामी खुर्ची आहे. मागे भलीमोठी काच आहे, पण तिच्यातून रस्ता दिसत नाही. छतावरच्या दिव्यांच्या दोन रांगा तेवढ्या काळोखात आत आत जाताना दिसतात. चेहरा साधा, खाली झुकलेला. कुठेही अश्रू नाही.

एकटेपणासाठी माणूस एकटाच काढला पाहिजे असेही नाही. अमृता शेरगिलच्या १९३५ मधल्या ‘थ्री गर्ल्स’ या चित्रातल्या तिघी एकमेकींना अगदी लगटून बसल्या आहेत, तरी एकीचीही नजर दुसरीकडे वळलेली नाही. मुंकच्या १८९२ च्या ‘इव्हनिंग ऑन कार्ल योहान’मध्ये फिकट चेहऱ्यांचा जमाव आपल्या अंगावर चालून येतो आणि एकच काळी आकृती उलट दिशेने जाते.

माझा अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी मीही अशा काळातून गेले. एका सकाळी मी पलंगाच्या काठावर एक मोजा पायात आणि दुसरा हातात अशी बसले होते, आणि घड्याळाकडे पाहिले तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता. पुढे बऱ्याच काळाने ते चित्र करायला घेतले, तेव्हा मीही आधी चेहराच रंगवला. कपाळावर आठ्या, डोळ्यांत पाणी, सगळे केले. ते सगळे खरवडून काढले, मान भिंतीकडे वळवली आणि पलंग डावीकडे इतका सरकवला, की कॅनव्हासचा दोन तृतीयांश भाग नुसती भिंत झाला. त्या भिंतीला आकृतीपेक्षा अधिक दिवस लागले. रिकामी जागा तशीच सोडून दिली तर ती अपुरी दिसते. ती आकृतीइतक्याच निष्ठेने रंगवावी लागते.

आणखी एक गोष्ट कडांविषयी. एकाकीपण आणि नैराश्य आपण एका दमात म्हणतो, पण चित्रात त्यांची वागणूक वेगळी असते. जगापासून तोडले गेल्याची भावना असेल तर आकृतीच्या कडा करकरीत ठेवा, जणू तिला कात्रीने कापून त्या खोलीत चिकटवले आहे. बुडत चालल्याची भावना असेल तर पाठीची किंवा मांडीची कडा पार्श्वभूमीत विरघळू द्या, खुर्ची कुठे संपते आणि शरीर कुठे सुरू होते ते कळेनासे होऊ द्या. तुमच्या चित्रात सर्व कडा सारख्याच मऊ आहेत. तुम्हाला त्या काळात यांपैकी काय वाटत होते, हे मला बाहेरून सांगता येणार नाही.

प्रश्न : उदास चित्रांसाठी मी निळा आणि काळा वापरतो, पण सगळे चिखलासारखे होऊन बसते. दुसरे रंग वापरले तर उदासी निघून जाईल अशी भीती वाटते. मार्ग काय?

उत्तर : निळ्याची ही ख्याती बहुतांशी पिकासोमुळे झाली आहे. कासाखेमास या मित्राने १९०१ मध्ये आत्महत्या केली, आणि त्यानंतर १९०४ पर्यंत पिकासोची चित्रे निळ्यात बुडाली. पण त्याच काळातले ‘द ओल्ड गिटारिस्ट’ नीट पाहा. मान वाकवून बसलेला तो अंध वृद्ध पूर्ण निळसर आहे आणि त्याच्या हातातली गिटार तपकिरी आहे. त्या एका उबदार रंगामुळेच बाकीच्या निळ्यातला गारठा जाणवतो. सगळेच निळे असते तर डोळा त्याला दोन मिनिटांत सरावला असता.

उदासी रंगाच्या नावात नसते, त्यामुळे दुसऱ्या रंगांची भीती बाळगू नका. हॉपरच्या १९५२ मधल्या ‘मॉर्निंग सन’मध्ये खोलीभर स्वच्छ सकाळचे ऊन आहे. पलंगावर बसलेल्या स्त्रीच्या अंगावर ते थेट पडले आहे, पण ती त्याने उबलेली दिसत नाही. काळोखात हरवलेल्या माणसापेक्षा लख्ख उन्हातही ज्याच्यापर्यंत काही पोहोचत नाही असा माणूस मला अधिक हेलावतो.

चिखलाचे कारण साधे आहे: प्रत्येक मिश्रणात काळा जातो आणि सगळेच रंग सारखे मरतात. महिनाभर काळ्याची ट्यूब बाजूला ठेवा. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना यांचे मिश्रण करून दोन ढीग करा, एकात निळा जास्त आणि दुसऱ्यात सिएना जास्त. दोन्हींत थोडा थोडा पांढरा घालत जा. एक राखाडी थंड येईल, दुसरा उबदार. भिंतीला एक आणि अंगाला दुसरा द्या, परंतु दोन्हींची गडदता जवळजवळ सारखी ठेवा. डोळे किलकिले करून पाहिल्यावर आकृती भिंतीत जवळपास मिसळली आणि पूर्ण उघडल्यावर रंगाने वेगळी झाली, तर मिश्रण जमले असे समजा. ट्यूबमधला शुद्ध रंग चित्रात एकाच ठिकाणी, नखाएवढा, शेवटी लावा.

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची आहे. गेल्या सहा महिन्यांपासून ती फक्त पाठमोरी माणसे काढते. चेहरा कुणालाच नसतो. तिच्या मनात काही वाईट चालले असेल का? मी काळजी करावी का?

उत्तर : केवळ चित्रावरून काळजी करू नका आणि केवळ चित्रावरून निर्धास्तही होऊ नका. डेन्मार्कचा विल्हेल्म हॅमरशॉय याने आपली पत्नी इडा हिला राखाडी खोल्यांमध्ये वर्षानुवर्षे पाठमोरी रंगवले. मानेचा गोरा भाग, काळा पोशाख, अर्धवट उघडे दार. ती चित्रे कमालीची एकाकी आहेत, पण तेवढ्यावरून त्याच्या मनाचे निदान करता येणार नाही. चेहरा न काढण्याची कारणे अनेक असतात. चेहरा अवघड असतो, हे त्यांतले एक. पाठमोऱ्या माणसाकडे निर्भयपणे पाहता येते, हे दुसरे. आणि या वयाला ते फार मोलाचे असते. चित्र हा वैद्यकीय अहवाल नव्हे, आणि चित्रावरून मनाचे निदान मी कधीच करणार नाही.

पाहायचे ते चित्राबाहेर पाहा. तिची झोप बदलली आहे का, भूक कमी झाली आहे का, मैत्रिणींना टाळते का, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी तिने सोडल्या का, स्वतःला इजा करण्याचे किंवा जगणे नकोसे झाल्याचे काही बोलते का. यांतले काही दोन आठवड्यांहून अधिक काळ दिसत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नका. आणि शेवटच्या गोष्टीची नुसती शंका आली तरी त्याच दिवशी जा. त्याविषयी तिला सरळ शब्दांत विचारले तर तो विचार तिच्या डोक्यात शिरेल, ही भीती अनेक आईवडिलांना वाटते, पण ती निराधार आहे. विचारल्याने बोलायला वाट मिळते.

चित्रांविषयीही बोला, परंतु ‘तू असे का काढतेस?’ असे विचारू नका, त्याला उत्तर नसते. तिच्या शेजारी बसून चित्रातल्या माणसाबद्दल विचारा: ही कुठे उभी आहे? तिला समोर काय दिसते आहे? खोलीत आणखी कुणी आहे का? उत्तर आले नाही तरी बसून राहा. आणि तिच्या परवानगीशिवाय ही चित्रे नातेवाइकांना दाखवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : मी अनेक वर्षे माणसांची चित्रे काढतो आहे. चार महिन्यांपासून नैराश्यावर औषधे सुरू आहेत. बरे वाटते आहे, पण चित्रातली धार गेली असे मला वाटू लागले आहे. सर्वोत्तम चित्रे मी सर्वांत वाईट दिवसांत काढली होती. औषधे बंद करावीत का?

उत्तर : नाही. औषध कमी करायचे, बदलायचे किंवा थांबवायचे ते फक्त तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने. अशी औषधे एकाएकी सोडल्यास त्रास होतो आणि आजार उलटूही शकतो. पण तुम्हाला जे जाणवते आहे ते त्यांना अवश्य सांगा. औषधाने भावना बोथट झाल्यासारख्या वाटणे ही काही जणांची खरी तक्रार असते, आणि मात्रा किंवा औषध बदलून पाहण्याचा मार्ग डॉक्टरांकडे असतो. ‘मी चित्रकार आहे आणि मला रंग कमी जाणवतात’ हे वाक्य त्यांच्यासमोर बोलायला संकोचू नका.

‘वाईट दिवसांत चांगली चित्रे’ ही आठवण मात्र जरा तपासून पाहा. सँ रेमीच्या वर्षभरात व्हॅन गॉगने सुमारे १५० चित्रे रंगवली, पण आजाराचे तीव्र झटके येत तेव्हा तो बहुतेक वेळ काम करू शकत नसे. ती चित्रे झटक्यांच्या मधल्या काळातली आहेत, नियमाने आणि कष्टाने केलेली. तुमच्याही बाबतीत, अगदी तळाशी असताना हातात कुंचला होता, की तिथून थोडे वर आल्यावर तो हातात आला? जुन्या वह्यांवर तारखा असतील तर ताडून पाहा.

मुंकलाही तुमच्यासारखीच भीती होती. आपला आजार आणि आपली कला वेगळी करता येणार नाही असे त्याला वाटे. १९०८ मध्ये तो पार कोसळला आणि कोपनहेगनच्या एका दवाखान्यात काही महिने राहिला. त्यानंतर त्याची चित्रे बदलली, हे खरे आहे. काही समीक्षकांना आधीची अधिक आवडतात, तोही त्यांचा हक्क आहे. पण बरा होऊन परतलेल्या त्याच माणसाने ऑस्लो विद्यापीठाच्या सभागृहासाठी उगवत्या सूर्याचे प्रचंड चित्र केले, तो १९४४ पर्यंत जगला, आणि १९४० ते १९४३ या काळात त्याने घड्याळ आणि पलंग यांच्या मधोमध उभे असलेले स्वतःचे चित्र रंगवले. घड्याळाला काटे नाहीत. म्हातारा हात सैल सोडून उभा आहे आणि त्याच्या मागे उजेडाने भरलेली, चित्रे लावलेली खोली आहे. एकटेपणाचे याहून प्रामाणिक चित्र मी फार थोडे पाहिले आहे, आणि ते रंगवायला तो माणूस तोवर जिवंत असावा लागला.

धार गेली असे वाटते तोवर मोठे कॅनव्हास घेऊ नका. बरे होताना शरीर बदलते, बसण्याची ढब बदलते, आणि ते बदलत असतानाच टिपून ठेवता येते. रोज एक रेखाटन करा, कोळशाने, दहा मिनिटांत. विषय तुमचाच हात, आज तो मांडीवर जसा पडला असेल तसा. चांगले-वाईट ठरवू नका, फक्त मागच्या बाजूला तारीख घाला. तीन महिन्यांनी ती सगळी रेखाटने जमिनीवर ओळीने मांडा आणि मला पुन्हा लिहा.